निळ्या रंगाचं रीडिंग

लॅबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दिवे बंद करायचे. चपला काढायच्या, बसा म्हणणाऱ्याकडे लक्ष न देता भिंतीवरचं बटण शोधायचं आणि टक्. एवढंच असतं तर आम्ही म्हणालो असतो की जुन्या वळणाचे आहेत, वीज वाचवतात. पण बटण बंद केल्यावर ते तिथंच दोन मिनिटं उभे राहायचे, डोळे किलकिले करून खोलीभर बघायचे आणि मग पुन्हा दिवा लावायचे. अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, त्यांनी भरल्या हॉलमध्ये हा उद्योग केला, तेव्हा कुणाच्या तरी साडीवर अख्खी कढी सांडली होती. त्यांचा मुलगा प्रशांत ओशाळून म्हणाला, ‘‘बाबा, काय करताय?’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘काही नाही बाप्पा. दिवा किती उजेड देऊन राहिला ते पाहायचं, तर दिव्याशिवाय किती आहे ते नको पाहायला? आधी अंधाराचं रीडिंग.’’

नागपूरच्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काकांनी चौतीस वर्षं काढली होती. प्रोफेसर म्हणून नाही, लॅब अटेंडंट म्हणून. मुलांना सामान काढून द्यायचं, प्रयोग मांडायचा, तास संपला की सगळं पुसून कपाटात लावायचं. प्रशांत लोकांना सांगायचा, ‘‘बाबा फिजिक्स डिपार्टमेंटला होते,’’ आणि तिथंच थांबायचा. ऐकणारा आपोआप ‘सर’ म्हणायला लागायचा आणि काका त्याला तिथल्या तिथं अडवायचे. ‘‘सर नाही हो. सरांना सामान काढून देणारा.’’ प्रशांत दुसरीकडे बघायचा. मला तेव्हा प्रशांतचा राग यायचा; आता येत नाही. आपलं घर कुठून निघून कुठे पोचलं हे दर अनोळखी माणसाला कॉफीबरोबर सांगायला लागू नये असं त्याला वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? ‘सर’ चालत नाही आणि नुसतं ‘काका’ पुरत नाही, म्हणून शेवटी आम्ही त्यांना लॅबकाका करून टाकलं. फोन आला की मात्र ते खणखणीत ‘जयभीम’ म्हणायचे, पलीकडे क्रेडिट कार्ड विकणारी बाई असली तरी.

आमची दोस्ती माझ्या बेकारीतून झाली. डॉटकॉमचा फुगा फुटला, आमच्या कंपनीनं एका शुक्रवारी अख्खा मजला रिकामा केला आणि मी बायकोच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ म्हणून जमा झालो. काम करायला कायद्यानंच मनाई. अनघा सकाळी सांता क्लाराला ड्राइव्ह करत निघून जायची आणि मी टाउनहाउसच्या पायऱ्यांवर बसून लोकांच्या गाड्या मोजायचो. ओळखीचे लोक माझ्याशी फार जपून बोलायचे, आजारी माणसाशी बोलावं तसं. चार दारं पलीकडे, प्रशांतकडे राहणाऱ्या लॅबकाकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘‘तुम्ही दिवसा घरी कसे? काढलं काय?’’

मी हो म्हणालो.

‘‘मग बेस झालं. मला एक माणूस पाहिजेच होता, आकडे वाचून दाखवायला.’’

माझी नोकरी गेल्याचा आनंद झालेला तो एकटाच माणूस. कितीतरी दिवसांनी मी मोकळा हसलो.

आकडे वाचायचे होते ते मैत्रीसाठी. मैत्री म्हणजे प्रशांत आणि सुजाताची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. आपल्या सगळ्यांच्या रक्तात बिलिरुबिन नावाचा एक पिवळा पदार्थ रोज तयार होतो आणि आपलं लिव्हर तो बाहेर टाकतं. मैत्रीचं लिव्हर जन्मापासूनच ते काम करत नव्हतं. तो पदार्थ साठला की आधी डोळे पिवळे होतात, मग कातडी, आणि फारच साठला की तो मेंदूत शिरतो. तिथं जे बिघडतं ते पुन्हा नीट होत नाही. त्याला आवर घालायला एकच गोष्ट होती, निळा उजेड. तो कातडीवर पडला की पिवळा पदार्थ मोडतो आणि शरीराबाहेर जातो. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळांना दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवतात, तसं मैत्रीला रोज दहा तास राहायला लागायचं. प्रशांतनं त्यासाठी घरीच पलंग बनवून घेतला होता. वर चौकटीत आठ निळ्या ट्यूब, बाजूंना आरसे, पायाशी पंखा. चड्डीवर त्याखाली झोपायचं, पांघरूण नाही. मैत्रिणींकडे राहायला जायचं नाही, कँपला जायचं नाही. पोरगी मात्र मजेत होती. मला तिनं पलंग दाखवला तो घराचा मालक दाखवतो तशा थाटात. ‘‘धिस इज माय अ‍ॅक्वेरियम. आय अ‍ॅम द ओन्ली फिश.’’

दर महिन्याला तिचं रक्त तपासायचे. काका आले त्या वर्षी आकडा चढायला लागला होता. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की यात नवल काही नाही. मूल वाढतं, कातडी जाड होते, अंग मोठं होतं आणि तोच उजेड पुरेनासा होतो. नवीन लिव्हर बसवायचा विचार आता करायला हवा. मोठ्या हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंटही त्यांनी घेऊन दिली. सुजाता कुणाशी बोलेनाशी झाली. प्रशांत रात्रंदिवस कॉम्प्युटरवर लिव्हरबद्दल वाचत बसायचा. आणि काका एकच वाक्य धरून बसले. ‘‘आधी दिवा तपासा.’’

दिवा तपासला होता. हॉस्पिटलची नर्स अधूनमधून यायची, तिच्याजवळ एक छोटं मीटर होतं. ते पलंगावर ठेवलं की आकडा दाखवायचं आणि आकडा ठीक होता. काकांना तो मान्य नव्हता. मला मध्ये दुभाषी म्हणून उभं करून त्यांनी त्या बिचारीशी वाद घातला. ‘‘त्यांना म्हणा, हे मीटर बेरीज सांगून राहिलं. घरात माणसं किती ते सांगतं, कोण कोण आहे ते नाही सांगत. मला एकेक रंग सुटा पाहिजे. जांभळा किती, निळा किती, हिरवा किती. पोरीच्या कामाचा फक्त निळा आहे.’’ मी जमेल तसं इंग्रजी केलं. नर्स म्हणाली, ‘‘ही इज सो स्वीट,’’ आणि मीटर बॅगेत टाकून निघून गेली. तिनं काय म्हटलं ते काकांनी विचारलं. मी म्हणालो, बघू म्हणाली.

मग काकांनी स्वतःच यंत्र बनवायला घेतलं. प्रशांतची गाडी ऑफिसला गेली की गराज आमचं. भर दुपारी शटर पाडायचं, फटींना जुन्या चादरी लावायच्या आणि आत मिट्ट काळोख करायचा. टीव्हीचं लांब खोकं आतून काळं रंगवलं. उजेड आत यायला एका टोकाला दाढीची दोन पाती जवळजवळ चिकटवून केसाएवढी फट केली. अमेरिकेत तसली चपटी पाती मिळता मिळेनात. पाच दुकानं फिरून सहाव्या दुकानात एका म्हाताऱ्या दुकानदारानं धूळ झटकून एक पाकीट काढून दिलं. काकांनी त्याला वाकून नमस्कार केला. फटीतून आलेला उजेड एका सीडीच्या तुकड्यावर पाडायचा. सीडीवरच्या बारीक रेषांनी तो इंद्रधनुष्यासारखा फाकतो. त्या रंगपट्ट्यासमोर मैत्रीची फूटपट्टी बिजागरीवर फिरती बसवली, पट्टीच्या टोकाला उजेड मोजणारा एक सेल, सेलच्या तारा मल्टिमीटरला. पट्टी कोनमापकावर एकेक अंशानं सरकवायची आणि दर अंशाला मीटर वाचायचं. कोणत्या अंशाला कोणता रंग, हे काकांनी साध्या ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याच्या रेषांवरून ठरवलं. त्या रेषांच्या तरंगलांबीचे आकडे त्यांना आपल्या घरचे फोन नंबर असावेत तसे पाठ होते.

मी बीएस्सी होतो, ते मॅट्रिक. पण त्या गराजमध्ये कोण शिकलेलं होतं याबद्दल मला कधी शंका आली नाही. दर अंशाला तीन वेळा रीडिंग. वहीत लिहायचं ते पेनानं. एकदा मी पेन्सिल घेतली, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. ‘‘पेन्सिलीनं लिहिलं ते रीडिंग नाही भाऊ, ती इच्छा.’’ रीडिंग घेताना तोंडातून ‘अरे वा’ किंवा ‘अरेरे’ काढायचीही बंदी होती. ‘‘मीटर ऐकत नाही, पण आपला हात ऐकतो,’’ म्हणायचे.

एकदा मी विचारलं, ‘‘काका, कॉलेजात तुम्ही स्वतः कधी एखादा प्रयोग केला का? म्हणजे, तुमच्या नावावर?’’

‘‘मांडले हजारदा,’’ ते सेल पुसत म्हणाले. ‘‘करायचे पोरांनी, सही करायची सरांनी. हा पहिलाच आहे माझा.’’

पलंगाची एक ट्यूब गराजमध्ये आणून पहिली मोजणी झाली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी वाचत गेलो. जांभळ्यापाशी तीन. निळ्यापाशी अकरा. पुढे हिरव्याची रेषा आली तिथं एकदम चाळीस. पुन्हा घेतलं, तेच. तिसऱ्यांदा घेतलं, तेच. निळी म्हणून घेतलेली ट्यूब आणि तिच्यात निळा हिरव्याच्या पावभर! काकांनी वही मिटली आणि स्वतःच घालून दिलेला नियम मोडून ओरडले, ‘‘दिवा थकला! मंदारभाऊ, दिवा थकला! लेकरू नाही थकलं!’’ शटर वर करून ते उन्हात उभे राहिले आणि डोळे पुसायला लागले. संध्याकाळी मैत्री वाटीभर शिरा घेऊन आमच्या दारात. ‘‘आजोबा सेज द लाइट वॉज सिक. नॉट मी.’’

प्रशांतनं त्याच दिवशी नव्या ट्यूबची ऑर्डर दिली. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर माझ्याजवळ येऊन बसला. इतका हलका झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. ‘‘यार मंदार, बाबा बरोबर बोलत होते. मी आज फोन करून ट्रान्सप्लांटवाली अपॉइंटमेंट कॅन्सल केली. उगाच पोरीला चिरायला निघालो होतो.’’

नर्सच्या मीटरचा आकडा ठीक होता, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं. अगदी जिभेवर होतं. पण समोर त्याचा तो चेहरा, पलीकडे त्याच्या दारात काका नातीला खांद्यावर घेऊन फिरत होते, आणि मी कोण, बायकोच्या व्हिसावर बसलेला माणूस. मी म्हणालो, ‘‘बरं केलंस.’’ हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ट्यूब यायला दोन आठवडे लागले. त्या लावल्यावर पुढच्या रक्ततपासणीपर्यंत आणखी तीन. काका रोज सकाळी मैत्रीला खिडकीपाशी नेऊन तिच्या पापण्या खाली ओढून बघायचे आणि सगळ्यांना सांगायचे, उतरलं, जरा उतरलं. कुणालाच उतरलेलं दिसत नव्हतं. आम्ही सगळेच हो म्हणायचो. तपासणीचा आकडा आला. तो आधीपेक्षा वर होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं नाही. मी आपण होऊन गेलो, तर शटर पाडलेलं. आत ते एकटेच बसलेले. नवी कोरी ट्यूब पेटीतून काढून त्यांनी मोजली होती. निळ्यापाशी अकरा, हिरव्यापाशी चाळीस. तंतोतंत तेच.

‘‘दिवा नाही थकला,’’ ते म्हणाले. ‘‘सेल निळ्याला मंद आहे. हिरवं त्याला चांगलं दिसते, निळं कमी दिसते. त्याची जातच तशी. दिव्याचं रीडिंग घेतलंच नाही मी, मंदारभाऊ. सेलचं घेतलं.’’

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी ऐकलं नाही. ते सांगत होते ते मला नाही, स्वतःलाच. कॉलेजात सेल लाकडी पेटीत यायचा. पेटीच्या झाकणाला आतून एक तक्ता चिकटवलेला असायचा, कोणता रंग या सेलला किती दिसतो त्याचा. त्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक रीडिंग दुरुस्त करून घ्यायचं. चौतीस वर्षं ती पेटी त्यांनी रोज उघडली आणि रोज मिटली. धूळ बसू नये म्हणून तो तक्ता फडक्यानं पुसलासुद्धा. तक्ता कायम तिथंच होता, त्यामुळे तो का आहे हे कधी आठवायची वेळच आली नाही. इथं सेल आला तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीला झाकण नव्हतं.

कुणीही एवढ्यावर सोडून दिलं असतं. काकांनी पुन्हा मांडणी केली. सेल मंद तर मंद. जुन्या ट्यूबला जेवढा मंद तेवढाच नव्या ट्यूबला. मग दोन्हींची रीडिंग एकमेकांशी लावायची, रंगाशी रंग. आणि या वेळी स्वतःवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. ट्यूब मी बदलायच्या, कोणती लावली ते त्यांना सांगायचं नाही, पट्टी त्यांनी सरकवायची. तीन दुपारी आम्ही हे केलं. गराजमध्ये मीटरच्या आकड्यांखेरीज एक शब्द बोललो नाही. मला मात्र माहीत होतं कोणती ट्यूब लावली आहे. दर वेळी जुनी लावली की मी मनात म्हणायचो, पड, जरा तरी खाली पड. ती पडली नाही. निळ्यामध्ये जुन्या आणि नव्या ट्यूबचा फरक केसाएवढा होता. काकांनी शेवटचा आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.

प्रशांत घरी आल्यावर त्यांनी त्याला गराजमध्येच बोलावलं. मी निघायला लागलो तर म्हणाले, थांबा.

‘‘प्रशांत, दिवा चांगला आहे. पहिलाही चांगलाच होता. माझी चूक झाली. डॉक्टर खरं बोलून राहिले होते. तू उद्या फोन कर.’’

प्रशांत बराच वेळ वहीकडे बघत राहिला. आकड्यांतलं त्याला काही कळत होतं असं नाही. मग म्हणाला, ‘‘पाच आठवडे गेले, बाबा.’’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

‘‘हो,’’ काका म्हणाले.

नवी अपॉइंटमेंट मिळाली ती दोन महिन्यांनंतरची. दरम्यान काकांच्या पाहुणा म्हणून मिळालेल्या व्हिसाचे सहा महिने संपत आले. मुदत वाढवून मागितली होती, ती नाकारल्याचं पत्र आलं. एवढी शिकलेली आम्ही माणसं, मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम लिहिणारी. त्या एका पानापुढे कुणाचं काही चाललं नाही. विमानतळावर मी गेलो होतो. सुजातानं त्यांच्या पाया पडून घेतलं, मैत्री ट्रॉलीवर बसून गोल गोल फिरत होती. काकांनी मला बाजूला घेतलं. ‘‘पोरीचा आकडा दर महिन्याला तुम्ही सांगाल मला. प्रशांत सांभाळून सांगेल. तुम्ही जसा असेल तसा सांगा.’’ मी वचन दिलं. काका नातीजवळ गेले, तिच्या कानाशी काहीतरी बोलले, ती खिदळली. मग ते रांगेत उभे राहिले आणि रांग वळेपर्यंत मागे बघत होते.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मैत्रीला ताप आला. साधा ताप, शाळेतल्या निम्म्या वर्गाला आला होता तोच. पण तिनं दोन दिवस काही खाल्लं नाही, आणि असं झालं की तिचा तो पिवळा पदार्थ उसळतो. आकडा इतका वर गेला की तिला आयसीयूत न्यायला लागलं. जिवावरचं निभावलं. पाचव्या दिवशी सुजातानं पाठीमागून हाक मारली, तर तिनं वळून बघितलं नाही. पुन्हा मारली. नाहीच बघितलं. उजवा कान, डावा कान, दोन्ही. कान शाबूत होते, कानापासून मेंदूपर्यंतची आतली वाट गेली होती.

नागपूरहून फोन यायला लागले. मी तीन दिवस फोन उचलला नाही. नंबर दिसायचा आणि मी बाथरूममध्ये जाऊन उभा राहायचो. चौथ्या दिवशी उचलला आणि जसं होतं तसं सांगितलं.

‘‘मंदारभाऊ,’’ पलीकडून आवाज आला, ‘‘ते पाच आठवडे गेले नसते, तर पोरीला आता ऐकू आलं असतं काय?’’

मी डॉक्टरांना तेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही लिव्हरची वाट बघत थांबायलाच लागलं असतं, कदाचित नसतं. मी काकांना तेच सांगितलं.

‘‘सांगता येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे हे कशानंच नाही मोजता येणार.’’

ट्रान्सप्लांट झालं. प्रशांतनं आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. मैत्रीच्या डोळ्यांतला पिवळेपणा आयुष्यात पहिल्यांदा गेला आणि तो पलंग प्रशांतनं खोलून टाकला. मलाही पुढे नोकरी लागली, आम्ही अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला गेलो. नवीन ओळख झालेल्या मंडळींमध्ये मी काकांचे किस्से सांगायचो, दिवे बंद करण्याचे, नर्सचे. शेवटचा भाग सांगत नसे. मैत्रीला कानातल्या यंत्रानं आवाज कळायचे, शब्द कळायचे नाहीत. ती हातांच्या खुणांनी बोलायला शिकली. काकांनी तीनदा व्हिसासाठी अर्ज केला, तीनदा वकिलातीनं तो नाकारला. मग ते गेलेच. झोपेत गेले, असं प्रशांतनं कळवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. ऑफिसच्या कामासाठी फ्रीमाँटला गेलो होतो, प्रशांतकडे उतरलो. नागपूरला पुतण्यानं कॅमेरा लावून दिला होता. काका खूप वाळले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती मोकळी झाली होती. प्रशांत म्हणाला, ‘‘बाबा म्हणतात, आज त्यांना मैत्रीशी बोलायचंय. त्यांनी खुणा शिकून घेतल्यात. कुठून तरी कागद छापून आणलाय.’’ मैत्री अकरा वर्षांची झाली होती, उंच, दाताला तारा. ती पडद्यासमोर बसली. काकांनी कागद बाजूला ठेवला, हात वर केले, आणि मग उजव्या हाताची मूठ वळून ती छातीवर गोल फिरवली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

मैत्रीनं भुवया जवळ घेतल्या. कपाळापाशी बोट नेऊन तिनं काहीतरी विचारलं. काकांना ते कळलं नाही, कागदावर ती खूण नसावी. त्यांनी कॅमेऱ्याजवळ तोंड आणलं. ‘‘काय म्हणते पोरगी?’’

प्रशांत माझ्या शेजारी उभा होता. तो कॅमेऱ्याजवळ वाकला. ‘‘म्हणते, आजोबा, लवकर या.’’

‘‘येतो न बाप्पा,’’ काका म्हणाले. ‘‘त्यांनी येऊ दिलं की येतोच.’’ आणि पुन्हा मूठ छातीवर फिरवायला लागले.

मला खुणांमधलं काही कळत नव्हतं. नंतर गाडीत मी विचारलं. प्रशांतनं गाडी कडेला घेतली. छातीवर मूठ फिरवायची म्हणजे सॉरी, तो म्हणाला. आणि तिनं विचारलं होतं, कशाबद्दल? त्या पाच आठवड्यांचं तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.